फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला कुणी धजेना, तेव्हा सार्वजनिक काका कोर्टात उभे राहिले

जुलै १८७९. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले.

विजापूर भागातल्या देवरनावडगी गावात, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, मेजर डॅनियल आणि हैदराबाद संस्थानचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना धरलं. तिथून पुण्याला आणलं. लष्कराच्या हिशेब खात्यातला एक कारकून नोकरी सोडतो, रामोशांना सोबत घेऊन सावकारांवर दरोडे घालतो आणि इंग्रज सरकारला उघड आव्हान देतो. या बातमीने पुणेच काय, मुंबई आणि लंडनही हललं होतं.

आता खटला चालणार होता. इंग्रज सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप, दरोडे आणि वर पुरावा म्हणून फडक्यांच्याच हातची रोजनिशी आणि आत्मचरित्र. निकाल काय लागणार हे सगळ्यांना दिसत होतं.

प्रश्न वेगळाच होता. या माणसाच्या बाजूने कोर्टात उभं कोण राहणार?

त्या काळी आरोपीला आपला वकील उभा करायला कायद्याने मुभा होती. पण वकील मिळाला नाही, तर सरकारने तो द्यावा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पैसे असतील, ओळख असेल, कुणाला दया आली तर वकील. नाहीतर तुम्ही आणि तुमचं नशीब. फडक्यांकडे पैसा नव्हता. ओळखी होत्या, पण ओळखीचे लोक त्या दिवसांत ओळख लपवत होते.

कारण पुण्यात वातावरणच तसं होतं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा येऊन जेमतेम वर्ष झालेलं. मे महिन्यात बुधवार वाडा जळाला होता आणि त्या आगीचा संशयही फडक्यांच्या माणसांवर घेतला जात होता. न्यायाधीश असलेल्या महादेव गोविंद रानड्यांची बदली थेट धुळ्याला झाली होती, त्यांची पत्रं फोडून वाचली जात होती. पुण्यातला शिकलेला ब्राह्मण म्हणजे आतून फडक्यांना सामील, असा सरकारी अंदाज होता. अशा वेळी फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे आपलं नाव आपल्या हाताने पोलिसांच्या यादीत लिहिणं.

ते नाव एका पन्नाशी ओलांडलेल्या वकिलाने लिहिलं. गणेश वासुदेव जोशी. पुणं त्यांना सार्वजनिक काका म्हणायचं.

आज हे नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक, खादीचा पुरस्कार, संपला विषय. पण काका मुळात वकील होते, आणि त्यांनी आयुष्यभर जे उद्योग केले त्यातल्या बहुतेकांमागे एकच गोष्ट होती. ज्याच्या वतीने बोलायला कुणी नाही, त्याच्या वतीने बोलायचं कसं?

गणेश वासुदेवांचा जन्म ९ एप्रिल १८२८ चा, साताऱ्याचा. म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षं झालेली आणि साताऱ्यात छत्रपतींची गादी अजून शाबूत. त्यांच्या डोळ्यांसमोर ती गादीही १८४८ मध्ये खालसा झाली. ते पुण्याला आले, काही काळ सरकारी नोकरी केली आणि मग वकिलीकडे वळले.

हे विलायतेला जाऊन आलेले बॅरिस्टर नव्हते. जिल्ह्याच्या कोर्टात मराठीत अर्ज लिहिणारे, पक्षकाराशी ओट्यावर बसून बोलणारे वकील होते. त्यामुळे कोर्टाच्या पायरीवर सामान्य माणसाचं काय होतं, हे त्यांना रोज दिसत होतं.

काय होत होतं?

समजा, तुम्ही १८७० च्या आसपासचे इंदापूर किंवा भीमथडीचे शेतकरी आहात. सारा भरायला सावकाराकडून शंभर रुपये घेतले. सावकाराने खत लिहिलं, तुम्ही अंगठा उठवला. खतात काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे असल्या खतावर तीन वर्षांत दावा लावायला हवा. हा नियम खरं तर कर्जदाराच्या भल्यासाठी होता, जुनी देणी उकरून काढता येऊ नयेत म्हणून. सावकाराने त्याचा उलटा उपयोग केला. दर तीन वर्षांनी तो तुम्हाला नवं खत लिहायला लावायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा. मग त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज.

एक दिवस तो दावा लावतो. कोर्ट तुमच्या गावापासून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. समन्स तुमच्यापर्यंत पोहोचतं किंवा बेलीफ परस्पर पोहोचलं म्हणून लिहून टाकतो. पोहोचलं तरी जाऊन करणार काय? सावकाराकडे वकील आहे, तुमच्याकडे नाही. खतावर तुमचाच अंगठा आहे. म्हणून तुम्ही जात नाही. हुकूमनामा एकतर्फी होतो. त्यात मुद्दल, व्याज आणि वर सावकाराच्या वकिलाची फी आणि कोर्टाचा स्टॅम्पसुद्धा तुमच्याच डोक्यावर. नाही भरलं तर जमीन लिलावात, बैल लिलावात, आणि सावकाराच्या मनात आलं तर तुम्ही दिवाणी तुरुंगात.

गरीब माणसाला कोर्ट फी माफ करून दावा लावू देण्याची सोय १८५९ च्या दिवाणी कायद्यात होती. पण ती दावा लावणाऱ्यासाठी. ज्याच्यावर दावा लागलाय त्याला तिचा काय उपयोग? आणि फी माफ झाली तरी बाजू मांडायला वकील कुठून आणायचा?

१२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात याचा स्फोट झाला. बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर धाड घातली. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच. यात एक गोष्ट सरकारलाही विचित्र वाटली. माणसांना मारहाण तुलनेने कमी होती. लोकांना हवी होती ती खतं आणि वह्या. त्या मिळाल्या की चौकात होळी. ज्या कागदासमोर कोर्टात आपलं तोंड उघडत नाही, तो कागदच जाळून टाकायचा. हेच ते दख्खनचे दंगे.

सरकारने आयोग नेमला. आयोगाने कोर्टांची दप्तरं चाळली तेव्हा कागदोपत्रीही तेच निघालं. असले बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत होते. प्रतिवादी हजरच नाही.

काकांनी मात्र दंगे होण्याआधी पाच वर्षं या प्रश्नाचं एक टोक धरलं होतं. आणि तेही एका देवस्थानच्या भांडणातून.

झालं असं. पुण्यातल्या पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. पंच नीट बघत नाहीत, हिशेब लागत नाही, वगैरे. पुण्यातले काही लोक तक्रार घेऊन पुढे आले की प्रश्न यायचा, तुम्ही लोकांच्या वतीने बोलताय, पण तुम्हाला नेमलं कुणी? सरकारदरबारी हा हमखास चालणारा डाव होता. आजही आहे म्हणा.

वकिलाच्या डोक्याला याचं उत्तर लगेच सुचतं. कोर्टात दुसऱ्याच्या वतीने उभं राहायचं तर काय लागतं? मुखत्यारपत्र. मग तेच करायचं.

२ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि तिचा सभासद होण्याची अट भन्नाट होती. निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. हा माणूस आमच्या वतीने सार्वजनिक कामात बोलेल, असं त्या पन्नास जणांनी लिहून द्यायचं. पहिल्याच झटक्यात ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे ६ हजार लोकांच्या सह्या होत्या. काँग्रेस जन्माला यायला अजून पंधरा वर्षं आहेत. आणि पुण्यात एक वकील कोर्टातला साधा कागद वापरून लोकप्रतिनिधी तयार करतोय. औंधचे पंतप्रतिनिधी सभेचे अध्यक्ष झाले, बाकी संस्थानिक आणि सरदारही आले. पण पळापळ, पत्रव्यवहार, अर्ज, सह्या, वर्गणी हे सगळं काका करायचे. म्हणूनच तर लोकांनी सभेचं नाव त्यांच्या नावाला चिकटवलं.

पुढच्याच वर्षी रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. ते सरकारी नोकर, त्यामुळे उघडपणे सभेचं पुढारपण करणं त्यांना अडचणीचं. मग जोडी जमली. अभ्यास, आकडे, मसुदा रानड्यांचा, आणि तो घेऊन चारचौघांत उभं राहायचं काम काकांचं. घरात त्यांची पत्नी सरस्वतीबाईही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. १८७१ मध्ये त्यांनी पुण्यात स्त्री विचारवती सभा काढली आणि वेगवेगळ्या जातींच्या बायकांना हळदीकुंकवाला एकत्र बसवलं. त्या काळातल्या पुण्यात ही काही छोटी गोष्ट नव्हती.

१८७२ च्या जानेवारीत काकांनी देशी कापडच वापरायची शपथ घेतली. स्वतः सूत कातायचे. ते किती खरं होतं हे १८७७ च्या दिल्ली दरबारात दिसलं. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा सोहळा, जिकडेतिकडे हिरे, मखमल आणि तलवारी. त्यात सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते जाड्याभरड्या खादीत. राणीला मानपत्र दिलं आणि त्याच कागदात हिंदी लोकांनाही इंग्रज प्रजेसारखे हक्क द्या अशी मागणी घातली. मानपत्रात मागणी घालणं ही पण वकिलीच.

आता लवाद कोर्टाकडे येऊ, कारण काकांचं खरं मोठं आणि सगळ्यात विसरलेलं काम तेच आहे.

दंगे झाले, आयोग बसला. काका आणि रानड्यांनी मात्र आयोगाच्या अहवालाची वाट पाहिली नाही. १८७५-७६ च्या सुमारास सभेने पुण्यात लवाद कोर्ट सुरू केलं. कल्पना अशी. सरकारी कोर्ट लांब, महाग आणि वकिलाशिवाय चालत नाही. मग भांडणाऱ्या दोघांनी मिळून कागदावर सही करायची की आमचा वाद लवादासमोर नेतो. दोघांनाही मान्य असलेली जाणती माणसं बसतील, मराठीत ऐकून घेतील, हिशेब तपासतील आणि निवाडा देतील. स्टॅम्पचा खर्च नाही, वकिलाच्या फीचा भुर्दंड नाही, तारखांवर तारखा नाहीत.

तुम्ही म्हणाल, ही तर जुनी गावपंचायतच झाली. नाही. फरक होता तो एका कलमाचा. पंचांचा निवाडा कोर्टात दाखल करून त्यावर हुकूमनामा मिळवण्याची सोय १८५९ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यात होती. म्हणजे लवादाचा निकाल हा नुसता सल्ला नव्हता. हरलेल्याने मानला नाही तर कोर्टाकडून तो अमलात आणता येत होता. इंग्रजांच्याच कायद्यातली फट शोधून त्यात गरिबांचं कोर्ट बसवलं होतं. पुण्याचं पाहून दुसऱ्या गावांतही अशी लवाद कोर्टं निघाली.

आणि हे करणारा माणूस स्वतः वकील होता हे लक्षात घ्या. जितकी भांडणं लवादात मिटतील तितकी वकिलांची कमाई कमी. काकांच्या व्यवसायबंधूंना हे फार आवडलं असेल असं काही वाटत नाही.

या प्रयोगात एक दुखरी जागाही होती. लवाद चालतो तो दोन्ही बाजूंच्या मर्जीवर. भाऊबंदकी, देण्याघेण्याची बरोबरीची भांडणं, यांना तो छान. पण ज्या सावकाराला सरकारी कोर्टात बसल्या जागी एकतर्फी हुकूमनामा मिळतोय, तो लवादाकडे कशाला येईल? ज्या शेतकऱ्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमका त्याचाच विरोधक दार बाहेरून बंद करू शकत होता. ते दार उघडायला कायदाच हवा होता.

त्याआधी दुष्काळ आला. १८७६ ते ७८. दख्खनमध्ये माणसं आणि गुरं तडफडून मेली. सभेने गावोगाव माणसं पाठवून माहिती गोळा केली. कुठे पीक किती बुडालं, मदतीच्या कामावर मजुरी किती मिळते, सरकारी आकडे कुठे खोटे आहेत. हे सगळं लिहून काका आणि सभेची मंडळी सरकारला धाडत राहिली. अर्जाला सरकार उत्तर द्यायचं, कधी द्यायचं नाही.

त्याच दुष्काळात दुसरा एक माणूस गावोगाव फिरत होता. फडके. रानड्यांची आणि काकांची स्वदेशीवरची भाषणं पुण्यात बसून ऐकलेला, त्यांनी भारावलेला माणूस. पण त्याने भूक पाहिली आणि त्याचा अर्जांवरचा विश्वास उडाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला दरोडा पडला. लुटीतून फौज उभी करायची आणि इंग्रजांना हाकलायचं, असा बेत होता.

काकांचा मार्ग याच्या अगदी उलटा. सही, मुखत्यारपत्र, लवाद, अर्ज. फडक्यांच्या बंडाने सभेचं नुकसानच झालं होतं, कारण संशय सगळ्यांवर आला होता. त्यांना हात झटकायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळालं नसतं. पुण्यातल्या बऱ्याच मोठ्या माणसांनी ते झटकलेही. सरकारला निष्ठेचे निरोप पाठवले.

काकांनी वकीलपत्र घेतलं.

संगमाजवळच्या कोर्टात फडक्यांना आणलं जायचं तेव्हा बघायला गर्दी लोटायची. काका बचावाला उभे राहिले. फडक्यांच्या बाजूने पुढे आलेल्या वकिलांत आणखी एक नाव येतं ते महादेव चिमणाजी आपट्यांचं. ज्यांनी पुढे पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली, तेच हे आपटे. वकिलाच्या दृष्टीने हा खटला म्हणजे हरलेलीच बाजू. आरोपीने काय केलं, का केलं, पुढे काय करणार होता, हे सगळं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेलं. ते कागद सरकारच्या हातात. उलटतपासणी करायची तरी कुणाची?

फडक्यांना जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. त्यांना अंदमानला नाही, दूर एडनला पाठवलं.

मग काकांनी केलं काय, असं कुणी विचारेल. खटला हरले. शिक्षा टळली नाही. पण कोर्टाने निकाल देण्याआधी आरोपीच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं, साक्षी-पुराव्याला प्रश्न विचारले गेले. इंदापूरच्या शेतकऱ्यावर होत होता तसा हा निकाल एकतर्फी झाला नाही.

आता एक विलक्षण योगायोग बघा. ज्या दिवसांत पुण्यात हा खटला चालू होता, अगदी त्याच दिवसांत, १ नोव्हेंबर १८७९ ला एक नवा कायदा अमलात आला. दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा, १८७९ चा १७ वा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. दंग्यांच्या आयोगाने जे मांडलं, सभा जे ओरडून सांगत होती, त्यातलं बरंच त्यात आलं. कोर्टाने नुसतं खत बघायचं नाही, खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती आणि व्याज किती याचा हिशेब करायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. खतं गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहायची. आणि दावा लावायच्या आधी सलोखा करणाऱ्या पंचाकडे जाऊन यायचं, त्याचा दाखला असेल तरच दावा. लवाद कोर्टाचं दार सावकाराला आता परस्पर बंद करता येणार नव्हतं, निदान सलोख्याच्या पायरीवर तरी त्याला यावंच लागणार होतं.

वकिलांबद्दल या कायद्याने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही मजेशीर आहेत. पहिली, ६८ वं कलम. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत एरवी वकिलाला बंदी. म्हणजे सरकारच्या मते वकील हाच रोगाचा भाग. दुसरी, त्याच्या पुढचंच ६९ वं कलम. समोरच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील करण्याची ऐपत नाही असं न्यायाधीशाला वाटलं, तर तो शेतकऱ्याच्या संमतीने सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या लायक माणसाला त्याच्या बाजूने उभं राहायला सांगू शकतो.

दीडशे वर्षांपूर्वी. फुकट वकील. तेही सरकारी कायद्यात.

अर्थात फार हुरळून जाण्यासारखं नाही. न्यायाधीशाला वाटलं तर, फक्त शेतकऱ्याला, फक्त चार जिल्ह्यांत, फक्त समोर वकील असेल तेव्हा. आणि दिवाणी दाव्यात. त्याच पुण्यात, त्याच नोव्हेंबरात शंभर-दीडशे रुपयांच्या कर्जासाठी शेतकऱ्याला कोर्ट वकील देऊ शकत होतं, आणि ज्याचं उभं आयुष्य पणाला लागलंय त्या आरोपीला मात्र नाही.

हा दुसरा अर्धा भाग पूर्ण व्हायला बरोबर शंभर वर्षं लागली. १९७६ मध्ये राज्यघटनेत ३९-अ कलम आलं आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणं हे राज्याचं काम ठरलं. १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात आणि १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं सडणाऱ्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनआरा खातून खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे.

त्यामुळे आज वकील मिळत नसेल तर काकांसारखा कुणी भेटायची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्यालाही समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो, १५१०० या नंबरवर फोनही करता येतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कामगार, आपत्तीत सापडलेले आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो, बाकीच्यांना ठरलेल्या उत्पन्नाच्या आत. कोठडीत असलेले हे शब्द मुद्दाम वाचा. आरोप कोणता हे त्यात विचारलेलं नाही. आणि लोकअदालत? दोघांची संमती, कोर्ट फी परत, निवाड्याला हुकूमनाम्याची ताकद. पुण्याच्या लवाद कोर्टाची नात शोभेल.

फडक्यांच्या वेळचा प्रश्न मात्र अधूनमधून तसाच डोकं वर काढतो. एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर गावातले वकील ठराव करतात की या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. २६/११ नंतर मुंबईतही कसाबसाठी उभं राहायला वकील तयार नव्हते, शेवटी कोर्टाने नेमले. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात असे ठरावच बेकायदा ठरवले.

काकांनी यातलं काही पाहिलं नाही. ६९ व्या कलमाचं पुढे काय होतं हे बघण्याइतकाही वेळ त्यांना मिळाला नाही. फडक्यांना शिक्षा झाल्याला वर्षही झालं नव्हतं, तोवर २५ जुलै १८८० ला हृदयविकाराने ते गेले. वय ५२. केसरी निघायला अजून काही महिने होते, टिळक नुकते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला लागले होते. एडनच्या तुरुंगात फडके अडीच वर्षं आणखी जगले. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ ला त्यांचा मृत्यू झाला.

सभेचं काम रानड्यांनी आणि मंडळींनी पुढे नेलं. १८९५ मध्ये टिळकांच्या गटाने सभा ताब्यात घेतली, रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि त्यांनी डेक्कन सभा काढली. लवाद कोर्टं पुढे मागे पडली. सार्वजनिक सभा मात्र पुण्यात अजूनही आहे.